चाळीस मिनिटांचं पाणी

१

माझं काम बघत बसायचं. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच मी आठ माशांसमोर बसतो आणि दर अर्ध्या तासाने वहीत एक शब्द लिहितो : शांत. बहुतेक दिवशी अख्खं पान त्या एकाच शब्दाने भरतं. शाळा आठवीतच सुटली, अक्षर बेताचंच, पण 'शांत' मी आता छापल्यासारखं लिहितो.

शहराचं पिण्याचं पाणी तलावातून येतं. काठापासून थोडं आत पाण्यात काँक्रीटची एक गोल विहीर उभी आहे, तिच्यापर्यंत लोखंडी पूल जातो. तलावाचं पाणी जाळीतून त्या विहिरीत शिरतं आणि तिथून जाड नळाने तीन किलोमीटर लांब आमच्या केंद्रात येतं. इथे ते शुद्ध होऊन घरोघरी जातं. शुद्ध व्हायच्या आधी त्यातलीच बोटभर धार भिंतीतून माझ्या खोलीत येते आणि काचेच्या टाकीत पडते. टाकीत आठ मिशीवाले मासे आहेत. पाण्यात काही वाईट आलं तर ते उसळतात, वर येऊन हवेला तोंडं मारतात. मग मी भिंतीवरचं लाल बटण दाबायचं, की सगळ्या शहराचं पाणी बंद. दीड वर्षात ते बटण मी फक्त पुसलं आहे.

"यंत्राला नाव माहीत असलेलं विष कळतं," लॅबच्या मॅडम पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या. "यांना नाव माहीत नसलेलंही कळतं."

माशाला नाक असतं हे मला तेव्हा कळलं. तोंडाच्या वर बारीक भोकं असतात. पुढच्या भोकातून पाणी आत जातं, मागच्यातून बाहेर. श्वासाशी त्याचा काही संबंध नाही. ते नाक नुसतं वास घ्यायला. आणि चव तर यांना अंगभर कळते. मिशांना, परांना, शेपटीला. "पोहणारी जीभ समज," मॅडम म्हणाल्या. "आपण पाण्यात हात घातला तर यांना तो दिसायच्या आधी लागतो. खारट की तुरट, कुणाचा, सगळं."

म्हणून मला साबण बंद. तेल बंद, तंबाखू तर मी खातच नाही. आंघोळ नुसत्या पाण्याने, हात खाण्याच्या सोड्याने चोळायचे. आई म्हणते, "बिनसाबणाच्या नवऱ्याला मुलगी कोण देणार? मासोळी बघावी लागेल एखादी." एवढं बोलून ती हसते, पण मी पगारावर आलो तेव्हा घरात आम्ही दोघंच उरलो होतो, आणि ही नोकरी गेली तर दुसरी कुठे मिळायची हे तिलाही माहीत आहे.

खोलीला खिडकी नाही. पूर्वी इथे क्लोरीनची नळकांडी ठेवत. छताखाली हातभर झरोका, पत्र्याचं जाड दार, आणि कडी फक्त बाहेरून. आत दोनच आवाज. बुडबुड्यांचा आणि धारेचा.

२

कामाला लागून नऊ दिवस झाले होते. एक मासा खाईना, म्हणून मॅडमनी त्याला वेगळा काढायला सांगितलं. मी जाळीत धरला. त्याच्या पराचा काटा जाळीत अडकला. मी घाबरलो आणि दुसरा हात पाण्यात घालून त्याला ओढला. कातडी फाटली. नखाएवढीच.

उरलेले मासे एका क्षणात थिजले. मग सगळे मिळून कोपऱ्यात गेले, एकमेकांना चिकटून, आणि तासभर हलले नाहीत.

नवा आठवा मासा आला, जखमी झालेला तिकडे दुसऱ्या टबात बराही झाला. पण त्या दिवसापासून मी टाकीत बोट जरी बुडवलं तरी आठही मासे कोपऱ्यात. नवा मासाही दोन दिवसांत बाकीच्यांचं बघून शिकला. मॅडमनी हात घातला तर ते जवळ येऊन मिशा लावत. माझाच हात नको.

का ते मॅडमच बोलता बोलता सांगून गेल्या. माशाची कातडी फाटली की त्यातून काहीतरी पाण्यात सुटतं. बाकीच्यांना ते म्हणजे आरोळी. "आणि त्या वेळी पाण्यात दुसरा कसला वास असेल ना, तो त्यांच्या डोक्यात बसतो. मग नुसत्या त्या वासानेही ते घाबरतात."

मी मान हलवली. टाकी दर सोमवारी हात घालून पुसावी लागते. पाहणाऱ्यालाच मासे घाबरतात असं कळलं तर आठ मासे बदलण्यापेक्षा एक माणूस बदलणं सोपं.

मी हे फक्त फिटरकाकांना सांगितलं. नात्याने ते माझे कोणी नाहीत, पण वडील गेल्यावर त्यांनीच मला इथे चिकटवलं. ते पोट धरून हसले.

"म्हणजे तुझ्या वासाने मासे पळतात? अरे, माझ्या वासाने तर बायको माहेरी पळायची!"

"काका, हळू. मॅडम ऐकतील."

"ऐकू दे. बरं, ऐक आता. माझा गुडघा गेलाय. दर बुधवारी त्या विहिरीत उतरून जाळीचा पाला काढायचा म्हणजे मला देव आठवतो. तू माझी विहीर कर, मी तुझी टाकी पुसतो. कुणाला काय कळतंय?"

कुणाला काही कळलं नाही. सोमवारी काका टाकीत हात घालत. बुधवारी सकाळी मी त्यांच्या सायकलवरून तलावावर जाई, झाकण उघडून शिडीने खाली उतरे आणि कोपरापर्यंत हात बुडवून जाळीतला पाला, दोऱ्या, प्लास्टिक काढी. तेवढा वेळ काका माझ्या जागी माशांसमोर पेंगत.

३

विहिरीपासून माझ्या टाकीपर्यंत यायला पाण्याला चाळीस मिनिटं लागतात. सायकलवरून मी पंधरा मिनिटांत येतो. म्हणजे जाळी साफ करून, झाकण लावून मी खोलीत येऊन बसलो, तरी माझ्या हातांना लागलेलं पाणी अजून वाटेतच असे.

हे माझ्या दुसऱ्या-तिसऱ्या बुधवारी ध्यानात आलं. मी बसलो होतो, हात कोरडे, मांडीवर. मासे मोकळे फिरत होते. एकाएकी आठही जण कोपऱ्यात गेले आणि नळीच्या तोंडाकडे बघत राहिले. मी उठलो, बटणापर्यंत गेलो. मग हिशेब केला आणि हसू आलं. मी आलो होतो. माझ्या मागून, नळातून, सावकाश.

दहा मिनिटं खाली हात बुडवले असले तर मासे बरोबर दहा मिनिटं कोपऱ्यात. मग सुटे. मला त्याची गंमत वाटायला लागली. एवढ्या मोठ्या तलावात, एवढ्या पाण्यात, माझे दोन हात यांना ओळखू येतात. बाहेर मला कोण ओळखतं? दुकानदार दीड वर्षानंतरही विचारतो, तुम्ही कुठले?

वहीत त्या वेळेला मी 'शांत' असंच लिहीत असे. खोटं होतं, पण ते सांगणार कोण?

४

मागच्या महिन्यातल्या एका शुक्रवारी, पावणेअकराला, मासे कोपऱ्यात गेले.

मी विहिरीवर गेलो नव्हतो. बुधवारी गेलो होतो, ते पाणी केव्हाच शहराच्या पोटात गेलं होतं. मी सकाळपासून स्टुलावरून उठलोही नव्हतो.

विषाने मासे वेगळे वागतात. पांगतात, वर येतात. हे तसं नव्हतं. आठही जण एकमेकांना चिकटून, मिशा मागे, तोंडं नळीकडे. ही वागणूक जगात फक्त माझ्यासाठी होती.

चार मिनिटं. मग सुटे झाले.

मी माझे हात बघितले. का बघितले ते माहीत नाही. कोरडेच होते.

५

मी तसा एकदम घाबरणारा नाही. मी कारणं शोधली. नळाच्या आत शेवाळ धरतं, त्यात माझा वास अडकला असेल आणि थोडा थोडा सुटत असेल. किंवा काठावर कुणी हात धुतले असतील, माझ्यासारख्याच वासाचा माणूस. असू शकतो. दोन माणसं एकसारखी दिसतात, तशी एकसारखी लागतही असतील.

शनिवारी नऊ मिनिटं. रविवारी सुटी असते, त्या दिवशीच्या माणसाने वहीत काही लिहिलं नव्हतं. सोमवारी काका टाकी पुसत असताना पुन्हा झालं. त्यांच्या हाताभोवती रेंगाळणारे मासे एकदम निघून कोपऱ्यात गेले.

"हात घातलास का?" काका म्हणाले.

"मी इथे दाराशी आहे, काका."

त्यांनी वळून पाहिलं. मी दाराशी होतो.

"मग नळातून आलं असेल. तुझं बनियन, रुमाल, काहीतरी पडलं असेल विहिरीत. जाळीत अडकलंय आणि वास सोडतंय. दुसरं काय?"

"माझं काही हरवलं नाही."

"तुझं ध्यान असतं कुठे? अरे, रुमालच असणार."

ते बोलत होते तेव्हा मी घड्याळ बघत होतो. बावीस मिनिटं. रुमाल सतत वास सोडेल. बावीस मिनिटं सोडून मग थांबणार नाही. थांबायला हात बाहेर काढावे लागतात.

हे मी काकांना बोललो नाही.

६

त्या बुधवारी मी विहिरीवर गेलो नाही. पोट बिघडलंय सांगितलं. काकाही गेले नाहीत. म्हणाले, एका आठवड्याने काही जाळी तुंबत नाही.

गुरुवारी सकाळी दार उघडलं तेव्हा मासे कोपऱ्यातच होते.

नऊ वाजले. दहा. अकरा. ते हलले नाहीत. मी स्टूल मागे सरकवला आणि भिंतीला पाठ लावून बसलो. धार पडत होती. तिचा आवाज रोजचाच होता, पण मला तो ऐकवेना. त्या धारेत कोण होतं ते आठ जणांना कळत होतं आणि मला नाही. मला नुसतं पाणी दिसत होतं, स्वच्छ, काचेसारखं.

साडेअकराला मॅडम आल्या. "काय मासेवाले, शांत?"

त्या टाकीकडे वाकल्या. मग धारेखाली बाटली धरली आणि ती घेऊन लॅबमध्ये गेल्या. तासाने परत आल्या.

"पाण्यात काहीच नाही. एकदम चांगलं पाणी आहे." त्या माझ्याकडे बघत होत्या. "कधीपासून असे बसलेत?"

"सकाळपासून."

"वहीत तर शांत लिहिलंय."

मी वही मिटली.

"उद्या मुख्य ऑफिसातून साहेब येणार आहेत. मासे असेच राहिले तर मला शहराचं पाणी बंद ठेवावं लागेल. आणि वही कुणी लिहिली हे ते मला विचारणार नाहीत, तुला विचारतील. कळतंय का तुला? मला तुझं वाईट व्हायला नकोय."

त्या गेल्यावर मी काकांना गाठलं. सगळं सांगितलं. चार मिनिटं, नऊ मिनिटं, बावीस, आणि आज. रुमालाचं म्हणणं का पटत नाही तेही.

काका ऐकत होते. या वेळी हसले नाहीत. "जेवण झाल्यावर जाऊ. जे काय अडकलंय ते काढू आणि फेकू. संध्याकाळपर्यंत तुझे मासे नाचतील."

"काका, मी नाही उतरणार."

"बरं."

"खरंच नाही उतरणार. तुमचा गुडघा—"

"मी उतरतो म्हणालो ना? तू वर दोर धर. दोर धरायला तर मासे नाही म्हणत नाहीत?"

७

दुपारचे दोन. ऊन लखलखीत होतं. पुलावरून जाताना तलाव दोन्ही बाजूंना सपाट, कुठे माणूस नाही, होडी नाही. झाकणाला कुलूप होतं, मीच गेल्या आठवड्यात लावलेलं. काकांनी ते उघडलं. आतून गार वास आला.

त्यांनी कमरेला दोर बांधला. एक हिसका म्हणजे थांब, दोन म्हणजे ओढ. विहीर खोल नाही, वीस-बावीस पायऱ्यांची शिडी. पण वाकून पाहिलं की पहिल्या पाच-सहा पायऱ्याच दिसतात, खाली नुसता अंधार आणि पाणी चोखल्याचा आवाज.

काका उतरताना बोलत होते. "आई गं... हा गुडघा कापून माशांना घातला पाहिजे... शिडी केवढी गंजलीय, कुणी बघतं का..." त्यांचा आवाज घुमत घुमत खाली गेला. मग बॅटरीचा उजेड भिंतीवर फिरला. मग पाण्यात हात घातल्याचा आवाज.

"जाळी साफ आहे रे," खालून आवाज आला. "एक पान नाही. कुणी हाताने पुसल्यासारखी."

दोर हातात ढिला होता.

मग काका म्हणाले, अगदी घरच्या आवाजात, दारात कोणी आल्यावर म्हणतात तसं, "अरे? तू कशाला उतरलास?"

मला वाटलं ते मला म्हणताहेत. मी तोंड उघडलं.

"दोर सोडून आलास? मग मला वर कोण ओढणार, शहाण्या?"

पुढे थोडा वेळ काही नाही. ऐकणारा माणूस गप्प असतो ना, तशी ती शांतता होती. मी वाकलो. बॅटरीचा उजेड एका जागी स्थिर होता, शिडीच्या पलीकडे, जिथे उभं राहायला जागा नाही. त्या उजेडाच्या कडेला, पाण्याच्या वर, एक कोपर दिसलं. बाही दुमडलेली. मी दुमडतो तशी, आतल्या बाजूला.

उजेड हलला आणि ते गेलं.

"मग वर कोण आहे?" काका म्हणाले. हळू. मला नाही.

मग मोठ्याने, वर बघून, "वर कोण आहे?"

"मी आहे, काका. मीच."

खाली पाणी चोखल्याचा आवाज येत राहिला. किती वेळ ते सांगता येणार नाही. माझ्याकडे घड्याळ होतं, पण मी बघितलं नाही. मग दोराला दोन हिसके बसले.

८

काका एकटेच वर आले. शिडीवरून बाहेर पडताना मी हात पुढे केला. त्यांनी कठड्याला धरलं. धापा टाकत बसले. झाकण लावलं नाही.

"काका, काय होतं?"

ते माझ्या पायांकडे बघत होते. मग बाह्यांकडे. मग चेहऱ्याकडे, पण पटकन.

"तू कामाला लागलास त्या दिवशी मी तुला काय दिलं होतं?"

"रबरी बूट. डावा एक नंबर मोठा होता. तुम्ही आत वर्तमानपत्र कोंबून दिलंत."

"हं," ते म्हणाले. "त्यानेही हेच सांगितलं."

ऊन तसंच होतं. मला थंडी वाजत होती.

"काका, चला इथून. झाकण लावा."

"तो म्हणाला, झाकण लावू नका." काका गुडघा चोळत होते, एकाच जागी, पुन्हा पुन्हा. "म्हणाला, दर बुधवारी मी हाका मारतो आणि तो झाकण लावून जातो."

परतताना मी सायकल चालवली. काका मागे बसले. एरवी ते माझा खांदा धरतात आणि खड्डा आला की मला शिव्या देतात. आज त्यांनी कॅरियरच धरला होता. एकदाही त्यांचा हात मला लागला नाही.

९

मासे कोपऱ्यात होते. काकांनी आत येऊन दार लोटलं.

"धार बंद कर."

मी कॉक बंद केला. साठवणीच्या पिंपातलं पाणी बादल्यांनी टाकीत ओतलं, आधीचं काढलं. चार बादल्या, पाच, आठ. काका हिशेबाने सांगत होते, जसं एखादं यंत्र दुरुस्त करताना सांगतात. त्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

मग आम्ही बसलो. धार नसल्याने खोलीत फक्त बुडबुडे होते. मी पहिल्यांदाच त्यांचा नुसता आवाज ऐकला. अर्ध्या तासाने एक मासा सुटा झाला. मग दुसरा. मग आठही जण टाकीभर फिरायला लागले.

"सोड्याने हात धू," काका म्हणाले. "दोराचं ग्रीस निघू दे."

मी धुतले. दोनदा धुतले. मनात म्हणत होतो, जा, कोपऱ्यात जा, घाबरा. दीड वर्ष ज्याची लाज वाटली तेच आता मला हवं होतं. एवढे घाबरा की काकांचा जीव भांड्यात पडेल आणि ते मला एक चपराक मारून म्हणतील, चल, चहा पिऊ.

"घाल हात."

मी मनगटापर्यंत हात घातला.

पहिला मासा जिथे होता तिथेच थांबला. मग वळला आणि माझ्याकडे आला. त्याच्या मिशा माझ्या अंगठ्याला लागल्या, दोऱ्यासारख्या, मऊ. मग दुसरा आला. मग सगळे. ते माझ्या बोटांमधून जात होते, तळव्याला अंग घासत होते, नखांपाशी थांबून चाखत होते. नवीन काही आलं की चाखतात तसे.

खोटं कशाला सांगू, एक क्षण मला फार बरं वाटलं. इतके दिवस मला हेच हवं होतं. मी हसलोसुद्धा.

"काका, हे बघा, ते विसरले. माशांना काय लक्षात राहतं? तुम्ही तर रोज म्हणता—"

मागे कडी लागली.

१०

मी दार वाजवलं. हाका मारल्या. बाहेर काकांची पावलं थांबली.

"ओरडू नकोस," ते दाराला तोंड लावून म्हणाले. त्यांचा आवाज रडका झाला होता. "तू कोण आहेस ते नंतर बघू. आधी त्याला वर काढतो. केव्हाचा गारठलाय पोरगा."

"काका, तो पोरगा मी आहे!"

"त्याने मला हात दिला. गार होता. पण हात त्याचा होता."

सायकलचा स्टँड काढल्याचा आवाज आला. मग काही नाही. माझा फोन सायकलच्या पिशवीत होता. या खोलीत फोन आणू देत नाहीत.

लाल बटण होतं. मी त्याच्यासमोर उभा राहिलो. दाबलं की शहराचं पाणी बंद होईल आणि सगळे धावत येतील. मॅडमही. काका तोवर त्याला घेऊन आलेले असतील. मग सगळ्यांदेखत टाकीपाशी आम्ही दोघं, आणि हात घाला म्हणतील, आणि मासे त्यालाच घाबरतील. मी वहीत खोटं लिहिणारा माणूस. आठ माशांना विचारायचं की मला?

मी हात खाली घेतला. मग कॉक उघडला, कारण दुसरं काही कळायचा मार्ग नव्हता.

धार पडली आणि मासे कोपऱ्यात गेले. तो अजून पाण्यात होता. म्हणजे चाळीस मिनिटांपूर्वी होता.

मी स्टुलावर बसलो आणि घड्याळ बघत राहिलो. माझ्या आयुष्यात मी तेवढं एकच काम नीट शिकलो आहे. झरोक्यातला उजेड भिंतीवर थोडा वर सरकला. या वेळेला आई दारापाशी खुर्ची टाकून बसते. पाच वाजून गेले की कपडे काढून ठेवते माझे, कोरडे. तिला सांगायला हवं होतं की आज जो येईल त्याला दार उघडण्याआधी काहीतरी विचार. पण काय विचार? मला येणारं एकही उत्तर असं सापडेना जे फक्त मला येतं.

काका जाऊन एक तास आणि सात मिनिटं झाली तेव्हा एक मासा कोपऱ्यातून सुटा झाला.

मग दुसरा. मग सगळे. धार चालू होती, आणि मासे तिच्याखाली मोकळे फिरत होते.

म्हणजे चाळीस मिनिटांपूर्वी तो पाण्यातून बाहेर आला. सायकलला पंधरा मिनिटं. काकांचा गुडघा धरून वीस. उरली वीस. म्हणजे ते दोघं केव्हाचे आले होते. वीस मिनिटं दाराबाहेर बसले होते, न बोलता, तो वाळायची वाट बघत.

मी उठलो आणि दाराला कान लावला. पत्रा गार होता. पलीकडे, अगदी जवळ, कुणीतरी श्वास घेतला.

"काका," बाहेरचा म्हणाला. आवाज दबका, भिडस्त, बोलण्याआधी थोडा थांबणारा. "आत कोण आहे?"

मी हाक मारायला तोंड उघडलं. माझा आवाज त्याने आधीच वापरला होता.

"कोणी नाही," काका म्हणाले. "मासे आहेत. चल घरी, आई वाट बघत असेल."